खिशातल्या रिव्हॉल्व्हरची दीडशे वर्षं

ग्वाल्हेर-चंबळ भागात खांद्यावर बंदूक लावून लग्नाला येणारे पाहुणे आपल्याला नवीन नाहीत. ती बंदूक चारचौघांना दिसावी म्हणूनच असते. खिशात लपणाऱ्या रिव्हॉल्व्हरची गोष्ट वेगळी, ती आज लिहितो.

१८७२ साली बर्मिंगहॅमच्या वेब्ली कंपनीनं ‘ब्रिटिश बुलडॉग’ बाजारात आणलं. नळी जेमतेम अडीच इंच, गोळ्या पाच, पण बोअर .४४२ किंवा .४५०, म्हणजे साधारण ११ मिलिमीटर. त्या काळच्या काळ्या दारूत गोळीला फार वेग नसे. म्हणून गोळीच जाड आणि जड करायची, हा हिशेब. कोटाच्या खिशात मावत असल्यानं ते खूप खपलं, बेल्जियम-अमेरिकेत नकला निघाल्या. २ जुलै १८८१ ला वॉशिंग्टनच्या रेल्वे स्टेशनवर अमेरिकेचे अध्यक्ष गारफिल्ड यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या, त्या असल्याच बुलडॉगमधून. जे स्वसंरक्षणाला सोयीचं, तेच मारेकऱ्याच्याही सोयीचं.

१९७३ साली अमेरिकेत चार्टर आर्म्सनं तेच नाव घेऊन .४४ बोअरचं पाच गोळ्यांचं रिव्हॉल्व्हर काढलं. वजन फक्त अर्ध्या किलोच्या आसपास. पण जमेला खर्च असतोच: हत्यार हलकं तितका हाताला धक्का जास्त. धक्का जास्त म्हणून सराव कमी, आणि सराव कमी म्हणजे नेम चुकणार. जड हत्यार मात्र दोन दिवस कमरेला लावतात, तिसऱ्या दिवशी ते कपाटात जातं.

आपल्याकडे १८७८ च्या शस्त्र कायद्यानं हिंदी माणसाला परवाना सक्तीचा केला, युरोपियनांना सूट दिली. स्वातंत्र्यानंतर १९५९ चा कायदा आला, तो सगळ्यांना सारखा. पण .३८०, .४५५ अशी फौजेची काडतुसं ज्यात चालतात ती रिव्हॉल्व्हरं ‘प्रतिबंधित बोअर’मध्ये गेली. म्हणून आपल्याकडे ‘बत्तीस बोअर’चं राज्य. २०१४ साली कानपूरच्या सरकारी कारखान्यानं टायटॅनियमच्या मिश्रधातूचं ‘निर्भीक’ काढलं. वजन तेच अर्धा किलो, बोअर मात्र .३२. दिल्लीच्या २०१२ च्या घटनेनंतर बायकांच्या पर्समध्ये मावेल असं म्हणून आणलं; किंमत सव्वा लाखाच्या घरात! रात्रीच्या बसनं घरी जाणाऱ्या मुलीला ते कसं परवडावं?

जुन्या घरांतून आजोबांची हत्यारं अजून आहेत, म्हणून एक सांगतो. परवानाधारक वारला की हत्यार ‘आठवण’ म्हणून कपाटात ठेवता येत नाही. ते ताबडतोब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचं, मग वारसानं आपल्या नावानं अर्ज करायचा. २०१९ च्या दुरुस्तीनं एका माणसाला तीनऐवजी दोनच हत्यारं ठेवता येतात. आठवण फोटोत जपा. बिनपरवान्याचं हत्यार हा मुलाबाळांच्या डोक्यावर ठेवलेला फौजदारी गुन्हा आहे.