नगररचना आणि नागरिकाचा शब्द

वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, निविदांच्या गर्दीत, कधी कधी बारीक टायपात एक नोटीस छापलेली असते. शहराच्या विकास योजनेचा प्रारूप आराखडा तयार झाला आहे, तो अमुक कार्यालयात पाहावयास मिळेल, ज्यांना हरकती किंवा सूचना करावयाच्या असतील त्यांनी त्या मुदतीत लेखी कराव्यात, असा तिचा मजकूर असतो. आपल्यापैकी बहुतेक जण ती न वाचताच पान उलटतात. पुढे काही वर्षांनी दारासमोर रस्तारुंदीची मोजणी सुरू होते, किंवा पोरे ज्या मोकळ्या जागेत खेळत होती तिथे बांधकामाचे पत्रे उभे राहतात. मग आपण म्हणतो, "आम्हांला कुणी विचारलंच नाही!"

विचारलेले असते. पण विचारण्याची जशी एक रीत असते तशी उत्तर देण्याचीही असते. ही रीत आपल्याकडे कशी आली, तिने काय साधले आणि ती कुठे तोकडी पडली, हे आज पाहू या.

गोष्ट सुरू होते प्लेगापासून. १८९६ साली मुंबईच्या मांडवी भागात प्लेग फुटला आणि थोड्याच दिवसांत सारे शहर हादरले. हवा-उजेड नसलेल्या दाट वस्त्या फोडल्याशिवाय रोग हटणार नाही, असे सरकारने ठरविले आणि १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. आजचे प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड हे रुंद रस्ते आणि दादर-माटुंग्याच्या आखीव वसाहती ही त्या ट्रस्टची करणी. काम मोठे झाले, यात शंका नाही. परंतु पाडापाडीत घर गेलेला गरीब भाडेकरू कुठे गेला? तो शेजारच्याच चाळीत शिरला आणि तिथली दाटी आणखी वाढली. घराच्या मालकाशी मोबदल्याची बोलणी होत, चाळीतल्या भाडेकऱ्याला "बाबा, तुझं काय म्हणणं?" असे विचारण्याची चाल तेव्हा नव्हती.

१९१५ साली मुंबई इलाख्यात नगररचनेचा कायदा झाला. हिंदुस्थानातला हा अशा प्रकारचा पहिला कायदा. यात सक्तीने जागा घेऊन मोकळे होण्याऐवजी निराळी युक्ती होती. एखाद्या भागातल्या वेड्यावाकड्या जमिनी एकत्र धरायच्या, त्यांतून रस्ते व सार्वजनिक जागा काढायच्या आणि उरलेली जमीन नीट आखून मूळ मालकांना परत वाटायची. ही वाटणी न्याय्य व्हावी म्हणून एक लवाद नेमला जाई आणि तो प्रत्येक मालकाचे म्हणणे ऐकून घेई. सुनावणी म्हणतात ती ही. मात्र दार अजून अर्धेच उघडले होते. ज्याच्या नावावर जमीन त्याचेच बोलणे ऐकले जाई.

याच सुमारास पॅट्रिक गेडिस हे स्कॉटिश गृहस्थ आपल्या देशात आले. मूळचे जीवशास्त्रज्ञ, पुढे नगररचनाकार झालेले. १९१९ पासून काही वर्षे ते मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांनी गावोगाव पायी हिंडून अहवाल लिहिले. आधी गल्लीबोळ पाहा, माणसे कशी राहतात ते पाहा आणि मगच नकाशावर रेघ ओढा, असे त्यांचे सांगणे. होळकरांच्या इंदुरात त्यांनी दिवाळीच्या सुमारास मिरवणूक काढविली आणि आधीच जाहीर केले की, ज्या मार्गावरची घरे लोक सर्वांत स्वच्छ व नीटनेटकी करतील त्याच मार्गाने ती जाईल. लोक कामाला लागले. रहिवाशाला हाताशी धरल्यावाचून शहर सुधारत नाही, हे गेडिस यांनी असे दाखवून दिले.

स्वातंत्र्यानंतर कायदा बदलला. १९५४ च्या मुंबई नगररचना कायद्याने संपूर्ण शहराची विकास योजना करणे नगरपालिकांवर बंधनकारक झाले. पुढे १९६६ चा महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम आला. आज आपल्याकडे चालतो तो हाच. त्यातली एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. हरकत घेण्यासाठी तिथे जमीनमालक असण्याची अट नाही. भाडेकरू, दुकानदार, शाळामास्तर, गृहिणी, कुणीही लिहू शकतो. आलेल्या हरकती नियोजन समितीपुढे जातात. या समितीत महापालिकेच्या स्थायी समितीचे तीन सभासद असतात आणि शासनाच्या बाजूने नेमलेले जाणकार असतात. ज्याने लेखी कळविले त्याला आपले म्हणणे मांडण्याची वाजवी संधी समितीने दिलीच पाहिजे, असे कायदा सांगतो. अर्धे उघडलेले दार आता पूर्ण उघडले.

पण उघड्या दारातून आत कोण गेले? याचे उत्तर मुंबईच्याच इतिहासात सापडते.

१९६४ साली बृहन्मुंबईची विकास योजना प्रसिद्ध झाली आणि लोकांकडून सूचना मागविण्यात आल्या. चार्ल्स कोरिया व प्रवीणा मेहता हे दोन वास्तुशिल्पी आणि शिरीष पटेल हे स्थापत्य अभियंता, अशा तिघांनी मिळून एक सूचना दिली. मुंबई उत्तरेकडे लांबत चालली आहे. तिला लांबवीत न बसता खाडीपलीकडे, पूर्वेला, जोडशहर वसवा, असा तिचा सारांश. १९६५ मध्ये 'मार्ग' या नियतकालिकाने हा विचार लोकांपुढे ठेवला. १९७० च्या मार्च महिन्यात सिडको स्थापन झाली आणि नवी मुंबई उभी राहू लागली. नोटिशीला उत्तर म्हणून धाडलेल्या कागदातून एक शहर निघाले! नागरिकाच्या सूचनेला किंमत नसते असे म्हणणाऱ्याने हे उदाहरण जरूर आठवावे.

आता याच गोष्टीची दुसरी बाजू पाहा. खाडीपलीकडची ती जमीन काही ओसाड नव्हती. ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतली पंच्याण्णव गावे तिच्यावर वसलेली होती. आगरी, कोळी, कुणबी, भातशेती, मिठागरे, मासेमारी. आराखड्यात ही जमीन रंगवली गेली, तिच्या संपादनाच्या नोटिसा निघाल्या; पण शहर कसे असावे या चर्चेत या गावांचा आवाज कुठे होता? तिघा तज्ज्ञांना नकाशा वाचता येत होता आणि कोणत्या कचेरीत कागद द्यायचा हे ठाऊक होते. शेतकऱ्याच्या हाती सातबारा होता, पण योजनेची भाषा नव्हती. त्याचे म्हणणे अखेर रस्त्यावर मांडले गेले. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली उरण तालुक्यात शेतकऱ्यांचे आंदोलन झाले, त्यात गोळीबार होऊन पाच जणांचे प्राण गेले. त्यानंतरच संपादित जमिनीपैकी साडेबारा टक्के इतकी विकसित जमीन शेतकऱ्यांना परत देण्याचे तत्त्व मान्य झाले. जो विचार पहिल्याच बैठकीत व्हायला हवा होता, त्याची किंमत माणसांच्या जिवांनी मोजावी लागली. सुनावणीचे दार उघडे ठेवले म्हणजे सरकारचे कर्तव्य संपले, असे म्हणूनच म्हणता येत नाही. ज्याला वाचता येत नाही त्याला ते वाचून दाखविणारा कुणीतरी हवा.

लोक जागे असले म्हणजे काय घडते, तेही अलीकडे दिसून आले. फेब्रुवारी २०१५ मध्ये मुंबईच्या २०३४ पर्यंतच्या विकास योजनेचा प्रारूप आराखडा जाहीर झाला. रहिवाशांनी आपापल्या गल्लीचा नकाशा उघडून पाहिला, तर कुठे उभ्या इमारतीवरून रस्ता गेलेला, कुठे वारशाची जुनी वास्तू गायब! साठ हजारांहून अधिक हरकती व सूचना आल्या. एप्रिलमध्ये तो आराखडा नव्याने करण्याचा आदेश मुख्यमंत्र्यांनी दिला. सुधारित मसुदा २०१६ मध्ये आला आणि त्याला मंजुरी मिळाली २०१८ मध्ये. या चुका कुण्या मोठ्या पंडिताने शोधल्या नव्हत्या. आपल्या घराशेजारी काय आहे हे रोज पाहणाऱ्या माणसांनीच त्या शोधल्या.

आता प्रत्यक्ष करायचे काय? नोटीस दिसली की प्रथम मुदतीची तारीख लिहून ठेवावी. मग कार्यालयात जाऊन नकाशा पाहावा. तो पाहणे हा आपला हक्क आहे. योजनेतील भागाची प्रमाणित प्रतही वाजवी किमतीत मिळते. हरकत लिहिताना "आमच्यावर अन्याय झाला" एवढ्यावर थांबू नये. सर्व्हे नंबर किंवा सिटी सर्व्हे नंबर द्यावा, जागेवर आज काय आहे ते सांगावे, काय बदलावे आणि त्याऐवजी काय करता येईल तेही लिहावे. कागद दिल्यावर पोचपावती घ्यावी. सुनावणीचे पत्र आले की ठरल्या दिवशी जावे. तिथे बोलायला थोडाच वेळ मिळतो, तेव्हा मुद्द्याचे दोन शब्द आणि सोबत एखादे छायाचित्र, एवढे पुष्कळ झाले.

आणखी एक गोष्ट सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. हरकत घ्यावी तशी पसंतीही कळवावी. समजा, आपल्या वस्तीत मैदानासाठी आरक्षण पडले. ज्याची जमीन आहे तो हरकत घेणारच, तो त्याचा हक्क आहे. पण ज्यांची मुले त्या मैदानावर खेळणार ते गप्प राहिले, तर समितीपुढच्या फाईलमध्ये एकच बाजू असते. मग आरक्षण उठले तर दोष द्यायचा कुणाला?

समितीच्या अहवालाने काम संपत नाही. योजना पुढे शासनाकडे जाते. तिथे मोठे फेरफार सुचले, तर त्यांच्यावर पुन्हा हरकती मागविल्या जातात. मंजुरीनंतर एखादा बदल करायचा झाला तरी पुन्हा नोटीस निघते. म्हणून वस्तीतल्या एखाद्या मंडळाने, वाचनालयाने किंवा सोसायटीने अशा नोटिसांवर नजर ठेवावी, त्या फळ्यावर लावाव्यात आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांना समजावून सांगाव्यात. प्लेगाच्या काळातल्या भाडेकऱ्याला जे मिळाले नाही आणि खाडीपलीकडच्या शेतकऱ्यापर्यंत जे वेळेवर पोचले नाही, ते आज आपल्या हाती आहे. बारीक टायपातली ती नोटीस पुढच्या खेपेस दिसली, तर पान उलटण्यापूर्वी एकदा वाचावी आणि शेजाऱ्यालाही वाचून दाखवावी.