रघुनाथराव पेशवे : नायकाचा खलनायक

रघुनाथराव ऊर्फ राघोबादादा (१७३४–१७८३) हे थोरल्या बाजीरावांचे पुत्र, नानासाहेबांचे धाकटे बंधू. पराक्रमी पुरुष पायरीपायरीने खलनायक कसा होतो, याचे मराठी इतिहासातले हे सर्वांत ठळक उदाहरण. त्यातली निर्णायक पायरी मावळात, बोरघाटाच्या माथ्यावर आहे. नायकाचा खलनायक होण्याचे हे कथानक चित्रकथांमध्ये पुढे फार रुळले. अमेरिकी ग्रीन लँटर्न मालिकेतला हाल जॉर्डन १९९४च्या अंकांत बेचिराख झालेले आपले शहर पुन्हा उभे करण्याच्या हट्टापायी सोबत्यांवरच उलटतो. दादांच्या बाबतीत असा एकच घाव दाखवता येत नाही. गादीवरच्या हक्काचा त्यांचा हट्ट वर्षानुवर्षे वाढत गेला.

एप्रिल १७५८मध्ये दादांनी लाहोर घेतले आणि मराठी फौजा अटकेपर्यंत पोचल्या. पानिपतानंतर पुतण्या माधवराव गादीवर आला तेव्हा तो सोळा वर्षांचा होता. कर्ते आपणच, ही दादांची समजूत त्या घडीला अवाजवी नव्हती. १७६२मध्ये त्यांनी निजामाची मदत घेऊन आळेगावाजवळ पुतण्याला नमवले. तरीही पुढच्याच वर्षी राक्षसभुवनाला त्याच निजामाविरुद्ध काका-पुतणे एकत्र लढले. म्हणून त्यांना जन्मजात दुष्ट ठरवणे अन्यायाचे आहे. १७६८मध्ये धोडपला माधवरावाकडून हरल्यावर मात्र ते शनिवारवाड्यात नजरकैदेत पडले.

३० ऑगस्ट १७७३ रोजी त्याच वाड्यात गारद्यांनी, म्हणजे पहाऱ्यावरच्या भाडोत्री शिपायांनी, माधवरावांनंतर पेशवे झालेल्या त्यांच्या धाकट्या भावाचा, नारायणरावांचा, खून केला. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी दादांना दोषी ठरवले. लोककथेने ‘ध’चा ‘मा’, म्हणजे हुकमातल्या ‘धरावे’चे ‘मारावे’ करणे, दादांच्या पत्नी आनंदीबाईंच्या माथी मारले, त्यामुळे दादांच्या वाट्याचा दोष उगाच हलका झाला. खाडिलकरांच्या ‘भाऊबंदकी’ नाटकाने हा प्रसंग रंगभूमीवर आणला.

दादांविरुद्ध एकवटलेल्या मुत्सद्द्यांनी, म्हणजे बारभाईंनी, कारभार हाती घेतल्यावर दादा इंग्रजांकडे वळले. मार्च १७७५च्या सुरतेच्या तहात त्यांनी साष्टी आणि वसई देऊ केली. ही वसई चिमाजीअप्पांनी, म्हणजे त्यांच्या सख्ख्या चुलत्यांनी, १७३९मध्ये पोर्तुगिजांकडून जिंकली होती.

१७७८च्या अखेरीस दादांना गादीवर बसवायला मुंबईची फौज बोरघाट चढून खंडाळ्याला आली. शेजारच्या कुरवंडे घाटाने १६६१मध्ये मोगल सरदार कारतलबखान कोकणात उतरला होता आणि पायथ्याच्या उंबरखिंडीत शिवाजी महाराजांनी त्याला कोंडले होते. या खेपेला परक्या फौजेसोबत पेशव्यांच्याच घरचा माणूस होता. घाट चढताच मराठे सरदार आपल्याला येऊन मिळतील, असा दादांचा भरवसा होता. नाव घेण्याजोगे कोणीच आले नाही. इंग्रजांचे सुमारे चार हजार सैनिक आणि हजारो बैलांचे लटांबर रोज थोडेथोडे सरकत होते आणि मराठे दोन्ही बाजूंनी छापे घालत होते. कार्ल्याजवळ कॅप्टन स्टुअर्ट पडला. शत्रू असूनही त्याच्या धाडसावर खूश होऊन मराठ्यांनी त्याला ‘इष्टुर फाकडा’ म्हटले; त्याची समाधी वडगावात आहे. ९ जानेवारी १७७९ला फौज तळेगावला पोचली तेव्हा गाव जाळलेले होते, दाणावैरण कुठे मिळेना. ती माघार घेऊ लागली तेव्हा मराठे सरदार महादजी शिंद्यांनी तिला वडगावला घेरले आणि १६ जानेवारीला तह झाला. दादा महादजींच्या स्वाधीन झाले, पण झाशीकडे नेताना निसटून पुन्हा इंग्रजांकडेच गेले.

१७८२च्या सालबाईच्या तहाने त्यांना दरमहा पंचवीस हजारांची नेमणूक मिळाली आणि इंग्रजांनी त्यांचा पक्ष सोडला. ११ डिसेंबर १७८३ रोजी कोपरगाव येथे त्यांचा मृत्यू झाला.