फ्लूच्या नावातले एच आणि एन : नवापूर २००६, पुणे २००९

पावसाळा सुरू झाला की दवाखान्यात घशाच्या स्वॅबचे रिपोर्ट हातात घेऊन लोक येऊ लागतात. कोणाचा एच३एन२, कोणाचा एच१एन१. "डॉक्टर, म्हणजे स्वाईन फ्लूच ना?" हा प्रश्न ठरलेला, आणि त्यामागची भीती २००९ सालची असते. तेव्हा कर्वेनगरात राहणाऱ्या कोणालाही तो ऑगस्ट आठवत असेल. ३ तारखेला पुण्यातली एक १४ वर्षांची मुलगी गेली. देशातला तो स्वाईन फ्लूचा पहिला मृत्यू. नायडू रुग्णालयासमोर तपासणीसाठी रांगा लागल्या, शाळा आणि सिनेमागृहं बंद झाली, मास्क मिळेनात म्हणून लोक रुमाल बांधून फिरू लागले. (दुचाकीवरच्या मुलींना स्कार्फची सवय आधीपासूनच होती!)

त्याआधी साडेतीन वर्षं, फेब्रुवारी २००६ मध्ये, फ्लूच्याच कुटुंबातला दुसरा विषाणू आपल्या राज्यात येऊन गेला होता. नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला पोल्ट्रीतल्या कोंबड्या मरू लागल्या. भोपाळच्या प्रयोगशाळेनं निदान केलं : एच५एन१, म्हणजे बर्ड फ्लू. भारतातली ती पहिली नोंद. लाखो कोंबड्या मारून पुराव्या लागल्या, पोल्ट्रीवाले अक्षरशः रस्त्यावर आले. संशयित माणसांचे नमुनेही तपासले गेले. एकातही विषाणू सापडला नाही.

आता गंमत बघा. जगभरात एच५एन१ झाल्याचं निदान झालेल्या रुग्णांपैकी जवळपास निम्मे दगावले आहेत. स्वाईन फ्लूमध्ये बहुसंख्य रुग्ण चार-पाच दिवसांत घरीच बरे झाले. म्हणजे जास्त जीवघेणा विषाणू नवापूरला कोंबड्यांपुरता राहिला आणि त्या मानानं सौम्य असलेला पुण्यात घराघरांत शिरला. कोंबड्या वेळेवर मारल्या, कामगारांना संरक्षक पोशाख दिले, याचं श्रेय आहेच. पण मुख्य कारण त्या 'एच'मध्ये आहे.

एच म्हणजे हिमॅग्लुटिनिन. नाव अवघड आहे, त्याची गोष्ट सोपी. १९४१ मध्ये न्यूयॉर्कला जॉर्ज हर्स्ट हे संशोधक कोंबडीच्या अंड्यात फ्लूचा विषाणू वाढवत होते. अंड्यातला द्रव काढताना गर्भाची एक रक्तवाहिनी फाटली, रक्त त्या द्रवात मिसळलं, आणि लाल पेशींच्या गुठळ्या झाल्या. विषाणूच पेशींना एकमेकींशी चिकटवत होता. ज्या प्रथिनामुळे हे घडतं त्याला पुढे 'रक्तपेशी चिकटवणारं' या अर्थाचं हे नाव मिळालं. हर्स्ट यांना आणखी एक गोष्ट दिसली : थोडी ऊब मिळाली की विषाणू त्या पेशींपासून आपोआप सुटतो, आणि त्याच पेशी पुन्हा त्याला चिकटत नाहीत. म्हणजे जाताना तो पेशीवरची चिकटण्याची जागाच छाटून टाकतो. हे काम करणारं दुसरं प्रथिन म्हणजे न्यूरामिनिडेज, आपला 'एन'.

ही चिकटण्याची जागा म्हणजे पेशीच्या बाहेरच्या साखरेच्या साखळीचं टोक, सायलिक ॲसिड. ते शेजारच्या साखरेला दोन प्रकारे जोडलेलं असतं. पक्ष्यांच्या आतड्यात ही जोडणी सरळ असते, तर माणसाच्या नाक-घशात आणि श्वासनलिकेत मुख्यतः वाकलेली. एच५ला सरळ जोडणी लागते. नवापूरच्या बातम्या ताज्या असतानाच, मार्च २००६ मध्ये, जपानी शास्त्रज्ञ कावाओका यांच्या गटानं दाखवून दिलं की माणसातही सरळ जोडणी आहे, पण खोल फुफ्फुसात, वायुकोशांजवळ. त्यामुळे बर्ड फ्लू माणसाला सहसा होत नाही, झालाच तर थेट न्यूमोनिया होतो, आणि इतक्या खोलवरून खोकल्या-शिंकेबरोबर दुसऱ्यापर्यंत पोहोचणं त्याला जमत नाही.

२००९ च्या विषाणूचा एच मात्र वाकलेल्या जोडणीला घट्ट धरणारा होता. त्याचं मूळ १९१८ च्या विषाणूपर्यंत जातं, जो त्या वर्षी जूनमध्ये मुंबई बंदरातून देशात आला. मधली कित्येक दशकं हा एच डुकरांमध्ये टिकून होता. पुण्यात आल्यावर त्याला नाकातच जागा मिळाली. शिंक, वर्गातला बाक, पीएमटीची गर्दी, एवढं त्याला पुरेसं होतं.

ऑगस्ट २०१० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं साथ संपल्याचं जाहीर केलं, पण विषाणू गेला नाही. आज रिपोर्टवर दिसणारा एच१एन१ त्याचाच वंशज. फरक इतकाच की आता आपल्यापैकी बहुतेकांच्या शरीरानं तो एच कधी ना कधी पाहिला आहे. लसही प्रामुख्यानं एचविरुद्धच प्रतिपिंडं तयार करते, म्हणजे विषाणूला चिकटूच द्यायचं नाही. मात्र एच सतत थोडा थोडा बदलतो, म्हणून लस दर वर्षी घ्यावी लागते. "गेल्या वर्षी घेतली होती की!" याला माझं उत्तर हेच.

टॅमिफ्लू 'एन'ला रोखतं. नवे विषाणू पेशीतून बाहेर येतात, पण तिथेच चिकटून राहतात, सुटू शकत नाहीत. एकदा ते सर्वत्र पसरले की अडवायला फारसं उरत नाही, म्हणून पहिल्या ४८ तासांत गोळी सुरू झाली तर फायदा जास्त. गरोदर स्त्रिया, मधुमेही, दमेकरी आणि पासष्टीपुढची मंडळी यांना अचानक जोराचा ताप आणि खोकला आला, तर स्वॅबच्या रिपोर्टची वाट पाहत तिसरा दिवस उजाडू देऊ नका, पहिल्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.