पोहायच्या पाण्याचा इतिहास

चळवळीत पाणी म्हटलं की आपल्यापुढं पिण्याचंच पाणी उभं राहतं. विहीर, नळ, हापसा, टँकर. ते बरोबरच आहे. ज्याच्या घशाला कोरड आहे त्यानं पोहण्याच्या गप्पा कशाला माराव्यात, असं कुणीही म्हणेल. पण मी गेली काही वर्षं या दुसऱ्या पाण्याचा माग काढतोय. उन्हाळ्यात बायकापोरं घेऊन माणसं ज्या पाण्यात उतरतात, डुंबतात, एकमेकांच्या अंगावर उडवतात, त्या पाण्याचा. पिण्याचं पाणी दयेनंही मिळतं. वरून ओंजळीत ओततात, दुरून ओततात, आणि ओतणारा पुण्यवान ठरतो. पोहायचं पाणी असं ओतता येत नाही. त्यात बरोबरीनंच उतरावं लागतं. तुझ्या अंगाला लागलेलं पाणी माझ्या अंगाला लागणार, त्याला इलाज नाही. म्हणून जात आणि वर्ण यांचा खरा इतिहास वाचायचा असेल तर तो या पाण्यात वाचावा, असं माझं म्हणणं आहे.

आपल्या गावांत हा इतिहास कुणी लिहून ठेवला नाही, कारण लिहिण्याची गरजच पडली नाही. सगळ्यांना पाठ होता. नदीला वरच्या अंगाला गावाचं पाणी, खालच्या अंगाला आपलं. वरच्यांनी धुतलेलं, बुचकळलेलं, खंगाळलेलं वाहत वाहत आपल्याकडं यायचं. वैशाखात पाटलाची पोरं पाठीला वाळला भोपळा नाहीतर रिकामा डबा बांधून विहिरीत पोहायला शिकायची. आपल्या पोरांना खाणीतलं डबकं, कॅनॉल, नाहीतर म्हशी बसतात तो डोह. म्हशीनं पाणी बाटत नव्हतं. माणसानं बाटायचं.

लिहून ठेवलेला, कोर्टात नोंदलेला, फोटोंत पकडलेला असा हा इतिहास सापडतो तो अमेरिकेत. तिकडं जायला आपल्याला कारण आहे. १९१३ ते १९१६ बाबासाहेब न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात होते. १९४६ मध्ये त्यांनी काळ्यांचे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. दु बॉईस यांना पत्र लिहिलं आणि अस्पृश्यांची नि काळ्यांची स्थिती सारखी असल्याचं कळवलं. १९७२ मध्ये मुंबईत पोरांनी संघटना काढली आणि नाव घेतलं पँथर, तेही तिथल्या ब्लॅक पँथरवरून. तेव्हा तिथला तलाव हा काही परक्याचा तलाव नाही.

आता एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या उत्तरेकडच्या शहरांत नगरपालिकेचे तलाव गरिबांच्या वस्त्यांत असायचे. मजुरांनी अंग धुवावं म्हणून ते बांधलेले. तिथं बऱ्याच ठिकाणी काळे आणि गोरे मजूर एकाच पाण्यात उतरायचे. पण पुरुषांचा दिवस वेगळा आणि बायकांचा वेगळा. पुढं १९२० नंतर तलाव मोठे झाले, झगझगीत झाले. काठावर वाळू आली, झाडं आली. १९३० च्या दशकात तर सरकारी पैशानं असे शेकडो तलाव झाले. रविवारी सगळं कुटुंब डबा घेऊन तलावावर. नवरा, बायको, पोरीबाळी सगळ्या एकत्र. आणि बाई-पुरुष जिथं एकत्र आले तिथंच काळ्याला बाहेर काढलं. कुठं पाटी लावून, कुठं काठी घालून.

हे असं का? उत्तर बाबासाहेबांनी त्याच देशात बसून देऊन ठेवलंय, मात्र जातीबद्दल. ९ मे १९१६ रोजी कोलंबियात त्यांनी ‘कास्ट्स इन इंडिया’ हा निबंध वाचला. जातीचं मर्म शिवाशिवीत नाही, आपल्याच जातीत लग्न करण्याच्या सक्तीत आहे, आणि ती सक्ती बाईवर पहारा ठेवल्याशिवाय टिकत नाही, असं त्यांनी मांडलं. हा निबंध हातात घेऊन तलावाकडं बघा म्हणजे सगळं लख्ख दिसतं. नुसते मजूर एकत्र भिजले तर गोऱ्याचं काही जात नव्हतं. त्याची बहीण, लेक त्याच पाण्यात आली आणि पाणी ‘बाटायला’ लागलं. आपल्याकडं ज्याला रोटीबेटी म्हणतात त्यातली बेटी म्हणजे हा तलाव.

सेंट लुई शहरातल्या फेअरग्राउंड पार्कचा तलाव १९१३ मध्ये झाला. तो बाई-पुरुषांना पहिल्यापासून एकत्र खुला होता, आणि पहिल्यापासून फक्त गोऱ्यांचा होता. २१ जून १९४९ रोजी शहरानं तो काळ्यांना खुला केला. काही काळी पोरं दिवसा येऊन पोहून गेली. संध्याकाळपर्यंत गोऱ्यांचा हजारोंचा जमाव जमला आणि दिसेल त्या काळ्याला मारत सुटला. लगेच महापौरांनी तलाव पुन्हा फक्त गोऱ्यांचा केला. १९५० मध्ये कोर्टाच्या हुकुमानं तो उघडावा लागला. मग गोरे यायचेच बंद झाले. १९५६ मध्ये तलाव कायमचा बंद.

त्याच्याही आधी, २७ जुलै १९१९ रोजी शिकागोत मिशिगन सरोवरावर युजीन विल्यम्स नावाचा सतरा वर्षांचा काळा पोरगा तराफ्यावरून वाहत गोऱ्यांच्या काठाकडं गेला. पाण्यात रेघ ओढलेली नव्हती, पण ती होती. काठावरून दगड आले. पोरगा बुडून मेला. पोलिसानं दगड मारणाऱ्या गोऱ्याला धरायचं नाकारलं आणि दंगल पेटली. ३८ माणसं मेली. त्यांतले २३ काळे, १५ गोरे.

दगड हा झाला पहिला, अडाणी उपाय. पाण्याच्या मालकांकडं याहून शहाणे तीन उपाय असतात. शुद्धी, बंदी आणि मालकी. तिन्हींची उदाहरणं देतो.

शुद्धी. १८ जून १९६४, फ्लोरिडातलं सेंट ऑगस्टीन. एका मोटेलच्या तलावात काळे आणि गोरे सत्याग्रही मिळून उतरले. व्यवस्थापकानं वरून ॲसिड ओतलं. फरशा घासायचं ॲसिड. त्याचे फोटो जगभर छापून आले. दुसऱ्या दिवशी सिनेटनं नागरी हक्कांचं विधेयक मंजूर केलं आणि २ जुलैला कायदा झाला.

बंदी. मिसिसिपी राज्यातलं जॅक्सन शहर. नगरपालिकेकडं पाच तलाव, चार गोऱ्यांचे, एक काळ्यांचा. १९६२ मध्ये कोर्टानं सांगितलं, असा भेद चालणार नाही. शहरानं बागा खुल्या केल्या, गोल्फची मैदानं खुली केली, प्राणीसंग्रहालयसुद्धा खुलं केलं. वाघ एकत्र बघायला हरकत नव्हती. तलाव मात्र चालवायचेच बंद केले. काळे कोर्टात गेले. १९७१ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं पाच विरुद्ध चार मतांनी निकाल दिला की शहराचं काही चुकलं नाही, कारण तलाव गोऱ्यांनाही बंद आणि काळ्यांनाही बंद. ही समता बघा. आपलंही पाणी तोडू, पण तुझ्याबरोबर भिजणार नाही.

मालकी. १९५० नंतर गोऱ्यांनी हजारोंनी खासगी पोहण्याचे क्लब काढले. मेरीलँडमध्ये व्हीटन-हेवन नावाचा क्लब १९५८ मध्ये निघाला. भोवतालच्या पाऊण मैलात घर असेल त्याला सभासद होण्यात अग्रक्रम. पाटीवर वर्णाचा शब्द नाही. पण त्या हद्दीत एका काळ्या कुटुंबानं घर घेतलं तेव्हा दार लागलं. १९७३ मध्ये सुप्रीम कोर्टानं एकमतानं हे बेकायदा ठरवलं. पण तोवर गावचे तलाव ओस पडले होते, आणि ज्याच्याकडं वर्गणी नाही त्याच्यासाठी पाटीची गरजही उरली नव्हती.

आता महाडला या. तिन्ही उपाय आपल्याकडं एकाच तळ्यावर, एकाच वर्षात वापरून झालेत. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे कौन्सिलात सी. के. बोले यांचा ठराव पास झाला, सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेनं चवदार तळं खुलं केलं, कागदावर. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो माणसांसह तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. मग देवळात शिरणार अशी आवई उठवून आपल्या माणसांवर हल्ला झाला, हा दगड. मग शेण, गोमूत्र, दूध, दही यांच्या १०८ घागरी ओतल्या, ही शुद्धी. मग ४ ऑगस्ट १९२७ रोजी नगरपालिकेनं आपलाच ठराव मागं घेतला, ही बंदी. आणि डिसेंबरात सवर्ण कोर्टात गेले की तळं सार्वजनिक नाहीच, ते खासगी आहे, ही मालकी. तात्पुरता मनाई हुकूम निघाला. २५ डिसेंबरच्या परिषदेत तळ्याला हात लागला नाही, पण मनुस्मृती जळाली. दावा दहा वर्षं चालला. १७ मार्च १९३७ रोजी हायकोर्टानं आपल्या बाजूनं निकाल दिला.

म्हणजे सेंट ऑगस्टीनचं ॲसिड ३७ वर्षं आधी महाडला ओतलं गेलं होतं. आपल्याकडं ते गायीच्या पोटातून आलं, एवढाच फरक.

चवदार तळ्याचं पाणी प्यालो म्हणून अमर होऊ असं नाही, इतरांसारखी आपणही माणसं आहोत हे सिद्ध करायला तळ्यावर जायचं आहे, असं बाबासाहेबांनी त्या डिसेंबरात सांगितलं. घटना लिहिली गेली तेव्हा कलम १५ मध्ये हे सगळं आलं. विहिरी, तळी, स्नानघाट. स्नानघाट हा शब्द पुढच्या वेळी थांबून वाचा. नुसतं प्यायचं पाणी नव्हे, अंगावर घ्यायचं पाणीसुद्धा घटनेत आहे. पण त्याच कलमात त्याची हद्दही आहे. सरकारी पैशावर चालणारं किंवा सर्व जनतेसाठी ठेवलेलं असेल ते. खासगी पाणी त्या हद्दीबाहेर राहतं. शुद्धी आणि बंदी यांना कायद्यानं दात पाडून ठेवलं. मालकी मात्र जिवंत राहिली.

मागच्या मे महिन्यात माझ्या भाचीनं आम्हा सगळ्यांना पोहायला बोलावलं. तिनं मुंबईच्या बाहेर एका मोठ्या सोसायटीत फ्लॅट घेतलाय. बँकेत आहे, हप्ते फेडते. आई, बायको, पोरं, आम्ही सगळे गेलो. निळं पाणी, छत्र्या, खुर्च्या. आईनं लुगडं आवरून पाय पाण्यात सोडले आणि तासभर तशीच बसली. पाटी होती, ‘सभासद व त्यांच्या पाहुण्यांसाठीच’. आम्ही पाहुणे. काठावर एक दहा-अकरा वर्षांची पोरगी टॉवेल धरून उभी होती. वरच्या मजल्यावर धुणंभांडी करणाऱ्या बाईची. दुसऱ्यांच्या पोरांचा टॉवेल. आईनं तिला विचारलं, “तुला येतं का गं पोहायला?” ती म्हणाली, “नाही आजी. आमच्या तिकडं कॅनॉल हाय, पन आई जाऊ देत नाय.”

पाटीवर जात नव्हती. वर्णही नव्हता. पाण्यात आपली भाचीही होती, हे तर बाबासाहेबांचंच कर्तृत्व. पण काठावर टॉवेल धरून उभं राहणारं पोर त्याच वस्त्यांतून येतंय जिथून आपण आलो. आपल्यातली चार माणसं मालकीच्या आत गेली म्हणजे पाणी सार्वजनिक होत नाही, एवढंच मला तुम्हाला सांगायचंय.

हा शौकाचा प्रश्न आहे असं ज्याला अजून वाटतं त्यानं मेलेल्यांची मोजणी बघावी. अमेरिकेच्या सरकारी रोगनियंत्रण केंद्रानं १९९९ ते २०१९ च्या नोंदी तपासल्या. १० ते १४ वयाची काळी मुलं पोहण्याच्या तलावात गोऱ्या मुलांच्या ७.६ पट प्रमाणात बुडून मेली. कायदा होऊन अर्धं शतक लोटलं तरी. ज्या आजोबाला तलावात उतरू दिलं नाही त्याला पोहता आलं नाही. त्यानं पोराला शिकवलं नाही, पोरानं नातवाला नाही. बंद केलेलं पाणी असं तीन पिढ्यांनंतर जीव घेतं. आपल्याकडं उन्हाळ्यात वर्तमानपत्र उघडा. खाणीत, शेततळ्यात, कॅनॉलात बुडालेली पोरं. बातमीत जात छापत नाहीत, वस्तीचं नाव छापतात. तेवढं आपल्याला पुरतं.

आणि पोहायला गेलं तर? जून २०१८ मध्ये जळगाव जिल्ह्यात, जामनेर तालुक्यातल्या वाकडी गावी विहिरीत पोहल्याबद्दल दोन मातंग पोरांना नागडं करून मारलं. त्याचा व्हिडिओ देशानं पाहिला. मारणारा मालक भटक्या-विमुक्तांतला होता असं तेव्हा छापून आलं, आणि मग हे जातीचं प्रकरण नाहीच, असं पुढारी सांगायला लागले. उतरंड म्हणतात ती हीच. मडक्यावर मडकं. सगळ्यात खालच्या मडक्यावर सगळ्यांचा भार. मारणारा कोण एवढं पाहून भागत नाही, विहीर कुणाची आणि पोरांना दुसरं पाणी कुठं होतं, हेही विचारावं लागतं.

दरवर्षी २० मार्चला आपण महाडला जातो, तळ्याचं पाणी कपाळाला लावतो. जायलाच पाहिजे. पण परत आल्यावर आपापल्या नगरपालिकेत एक अर्ज टाका. तलाव आहे का? असेल तर पाणी आहे की शेवाळ? ठेकेदाराला दिलाय का, आणि त्यानं फी किती लावलीय? वस्तीतल्या पोरीबाळींना वेळ कोणती? शिकवणारा कोण? नसेल तर का नाही? महाडला पाणी सार्वजनिक आहे की खासगी, एवढ्या एका प्रश्नावर दहा वर्षं कोर्ट लढवलं गेलं. तो प्रश्न अजून जुना झालेला नाही. आपल्या पोरांना पोहता आलं पाहिजे, आणि कुणाचा पाहुणा म्हणून नव्हे.