चाकांच्या खुर्चीचा धनी कोण?

चाकांची खुर्ची बंद पडली कीं तिचा धनी घरांत अडकतो. म्हणून तिच्या व्यापाराचा इतिहास आम्हांस स्वातंत्र्याचाच इतिहास वाटतो. १९१८ सालीं अमेरिकेंत खाणीच्या अपघातांत हर्बर्ट एव्हरेस्ट यांचे पाय निकामी झाले. पुढें त्यांनीं व त्यांचे यंत्रज्ञ मित्र हॅरी जेनिंग्ज यांनीं १९३३ च्या सुमारास पोलादी नळ्यांची, घडी होणारी खुर्ची निर्माण केली. गरजवंतानेंच घडविलेली ही वस्तु! परंतु तिच्यावर उभी राहिलेली पेढी इतकी बलाढ्य झाली कीं, १९७७ मध्यें अमेरिकन सरकारनें तिच्यावर मक्तेदारीविरोधी कायद्याखालीं फिर्याद गुदरली. १९७९ मध्यें ती तडजोडीनें मिटली.

पुढें विजेच्या खुर्च्या आल्या, आणि त्यांच्या दुरुस्तीच्या किल्ल्या कारखानदारांच्या हातीं राहिल्या. अखेर २०२२ सालीं कोलोरॅडो संस्थानानें कायदा करून सुटे भाग, हत्यारें व माहिती रास्त दरानें मालकास आणि स्वतंत्र कारागिरास देणें कारखानदारांवर बंधनकारक केलें.

दान मिळालेल्या वस्तूचे दोष काढण्यास माणूस संकोचतो. विकत घेतलेल्या वस्तूचे दोष काढणें हा त्याचा अधिकार असतो. अपंगास दयेचा विषय न मानतां गिऱ्हाईक मानणें, यांतच त्याचा खरा सन्मान आहे, असें आम्हांस वाटतें.