जवस, ससा आणि सूक्ष्मजंतु

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत गिरणाकांठच्या भडगांवीं सरकारी प्रयोगशेत होतें. त्या शेताचें लक्ष मुख्यतः कापसावर असे. पण कापसामागें सरकी आली, आणि सरकी आली म्हणजे ती बैलाच्या पुढ्यांत आली. खानदेशांत तीळ, जवस, करडई, भुईमूग यांचें तेल माणसांनीं खावें आणि पेंड गुरांनीं खावी, ही वांटणी सर्वांच्या परिचयाची आहे. पेंड खाल्लेलें जनावर अंगानें भरतें, हें डोळ्यांना दिसे. मात्र पोटांत गेलेल्या तेलाचें पुढें काय होतें, हें त्या काळीं कोणालाच सांगतां येण्याजोगें नव्हतें. त्या प्रश्नाच्या उत्तरांतील एक महत्त्वाचा दुवा सशासारख्या भित्र्या प्राण्याच्या पोटांत सांपडला.

ससा सारखें तोंड हलवितो, म्हणून पश्चिमेकडील जुन्या ग्रंथांत त्याची गणना रवंथ करणाऱ्या प्राण्यांत केलेली आढळते. वस्तुतः तो रवंथ करीत नाहीं. १८८२ सालीं मोरो नांवाच्या फ्रेंच पशुवैद्यानें खरा प्रकार वर्णिला. ससा दोन प्रकारच्या लेंड्या टाकतो. कोरड्या व कठीण लेंड्या तो टाकून देतो. मऊ व बुळबुळीत लेंड्या मात्र बाहेर पडतांक्षणींच गिळून टाकतो. शेताच्या बांधावरून उड्या मारणारा आपला ससा आणि युरोपांतील रानसशापासून उत्पन्न झालेला पाळीव ससा या जाती भिन्न आहेत. परंतु ही संवय दोहोंच्या सबंध कुळाचीच आहे. लहान व मोठें आतडें जेथें जुळतें, तेथें सशाला एक मोठी बंद पिशवी असते. तिला आंधळें आतडें म्हणतां येईल. त्यांतील असंख्य सूक्ष्मजंतु चोथा कुजवितात आणि प्रथिनें व ‘ब’ जीवनसत्त्वें तयार करतात. मऊ लेंड्यांवाटें ही कमाई सशाला परत मिळते.

इकडे तेलाचें शास्त्र निराळ्या वाटेनें पुढें चाललें होतें. १९२९–३० मध्यें अमेरिकेंत जॉर्ज व मिल्ड्रेड बर या दांपत्यानें उंदरांना स्निग्ध पदार्थ मुळींच नसलेला आहार दिला. उंदरांची वाढ खुंटली, कातडी खवल्यांसारखी झाली. कांहीं विशिष्ट मेदाम्लें अन्नांतूनच मिळावीं लागतात, असें यावरून ठरलें. पुढें या अम्लांना ओमेगा-६ व ओमेगा-३ अशीं नांवें पडलीं. अम्लाच्या लांब सांखळीच्या शेपटाकडून मोजतां पहिला दुहेरी बंध कितव्या स्थानीं येतो, एवढाच या आंकड्यांचा अर्थ. करडई, तीळ व सरकी यांच्या तेलांत ओमेगा-६ विपुल. जवसाच्या तेलांत मात्र निम्म्याच्या आसपास ओमेगा-३ असतें.

१९५१ सालीं रायझर या संशोधकानें मेंढीच्या पोटांतील द्रव्यांत जवसाचें तेल मिसळून पाहिलें. तेथील सूक्ष्मजंतूंनीं त्यांतील ओमेगा-३ अम्लाच्या दुहेरी बंधांत हायड्रोजन भरून त्याचें रूप पालटलें. असलीं अम्लें पुष्कळशा सूक्ष्मजंतूंना विषासारखीं बाधतात. म्हणून तीं निर्विष करून टाकण्याची ही त्यांची युक्ति असावी, असें मानतात. गाय-मेंढीचें अन्न प्रथम सूक्ष्मजंतूंच्या हातीं पडतें आणि मग आतड्यांत जातें. त्यामुळें जवस खाऊनहि त्यांची चरबी घट्टच राहते. सशाच्या पोटांत हा क्रम उलटा आहे. लहान आतडें तेलाचा बहुतेक भाग आधींच शोषून घेतें. सूक्ष्मजंतूंची पाळी नंतर येते. म्हणूनच जवस खाणाऱ्या सशाच्या मांसांत ओमेगा-३ जसेंच्या तसें पुष्कळ उतरतें.

न शोषलेला थोडा अंश आंधळ्या आतड्यांत पोंचतोच. तेथील जंतु हवा लागतांच मरतात. त्यांना हवेवांचून वाढविण्याची रीत हंगेट यांनीं १९४० नंतरच्या दशकांत सिद्ध केली; अलीकडे त्यांच्या अनुवंशद्रव्यावरूनच त्यांची ओळख पटवितात. आहारांतील तेल बदललें म्हणजे या जंतूंच्या जातींचें परस्पर प्रमाण कांहींसें बदलतें, असें प्रयोगांत दिसलें आहे. परंतु सशाचें वय, तेलाचें प्रमाण आणि विशेषतः चाऱ्यांतील चोथा यांवर तें अवलंबून असल्यामुळें निष्कर्ष सर्वत्र सारखे नाहींत. या बाबतींत तेलापेक्षां चोथ्याचा अधिकार मोठा आहे.

हा केवळ पंडितांचा वाद नव्हे. आईपासून तोडलेलीं पिलें हगवणीनें दगावतात, आणि ससेपालकाचें सारें वर्ष बुडतें. पूर्वी यावर चाऱ्यांतूनच प्रतिजैविकें देत. वाढीसाठीं तीं देण्यास युरोपीय संघानें १ जानेवारी २००६ पासून बंदी केली, आणि चाऱ्यांतच उपाय शोधण्याची निकड वाढली. नारळाच्या तेलांत असणारीं कांहीं मध्यम सांखळीचीं अम्लें अपायकारक जंतूंना आवरतात, व कांहीं प्रयोगांत त्यांनीं पिलांचे मृत्यु कमी झाले. जवसाला मात्र असें औषध मानण्यास पुरेसा आधार नाहीं.

माणसाचे दाखले सशावरून घेतांनाहि असाच विवेक हवा. त्याचें आंधळें आतडें अगदींच लहान, आणि मऊ लेंड्यांची कमाईहि त्याला नाहीं. जवसाची चटणी हितकर असेल. पण तें सिद्ध करण्यास सशाची साक्ष पुरणार नाहीं. तेल कोणतें, या प्रश्नाबरोबरच तें कोणाच्या पोटांत आणि कोणत्या क्रमानें जातें, हाहि प्रश्न विचारला पाहिजे.