‘मामा’ कोणाचा?

तेलुगूत मामा व सासरा या दोघांसही ‘माम’ हा एकच शब्द चालतो, याचे आंध्रात बदलून आलेल्या महाराष्ट्रीयास नवल वाटते. परंतु आपल्याकडील जुन्या सुनांच्या तोंडचे ‘मामंजी’ आठवताच ते ओसरते. मामाच्या घराशी सोयरीक जोडण्याची दक्षिणी चालच दोहोंच्या मुळाशी असावी.

मात्र जॉर्जियन भाषेत ‘मामा’ म्हणजे बाप आणि स्वाहिलीत आई! एवढ्यावरून या भाषांचे गोत्र एक ठरत नाही. स्तनपान करताना तान्ह्याच्या नाकातून निघणाऱ्या हुंकारातच अशा शब्दांचा उगम असावा, असे रोमान याकोब्सन यांनी १९६० साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात सुचविले. त्या ध्वनीस नाते चिकटविले ते वडीलधाऱ्यांनी. म्हणून परप्रांतात ओळखीचा शब्द कानी पडल्यास, त्याचे कूळ सांगण्यापूर्वी आम्ही त्या घरची रीत विचारावी, हे बरे.